नळाच्या पोटातला गंज

‘गंज’ या शब्दाची मला पहिल्यापासून मौज वाटत आलेली आहे. लोखंडावर चढतो तो गंज. आजीच्या स्वयंपाकघरात दूध तापवायचं भांडं असायचं, तोही गंज. शेतात कडबा रचतात ती गंज किंवा गंजी. आणि फारसीतून आलेला गंज म्हणजे साठा, कोठार, खजिना. पुण्याची गंज पेठ (आता महात्मा फुले पेठ) आठवा. व्युत्पत्तीच्या दृष्टीनं हे शब्द एका आईची लेकरं नव्हेत, हे मराठीची शिक्षिका म्हणून मला कळतं. पण गेली दोन-तीन वर्षं पाण्याच्या पाइपांविषयी जे जे हाती लागेल ते वाचते आहे, आणि मला वाटायला लागलंय की नळाच्या पोटात हे सगळे अर्थ एकत्र नांदतात. तिथला गंज म्हणजे नुसतं सडलेलं लोखंड नव्हे. ते एक कोठार असतं. गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्या पाइपातून जे जे वाहून गेलं, त्यातलं थोडं थोडं तिथं साठवलेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, मावशींना या वयात हे काय खूळ? (काही भाचरं तर उघडच म्हणतात.) कारण आहे, ते पुढे सांगते. आधी गोष्ट.

मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलं. रसायनशास्त्राचं माझं ज्ञान मॅट्रिकपुरतं. माझा भाचा केमिकल इंजिनियर आहे, अमेरिकेत मिशिगन राज्यात असतो. त्याच्याकडून फोनवर तासन् तास समजावून घेतलं. त्याच्या चिकाटीला दाद दिली पाहिजे. मला कळलं ते असं.

लोखंडाच्या नव्या पाइपातून पाणी वाहू लागलं की लोखंडाचे कण पाण्यात उतरतात, पाण्यातल्या प्राणवायूशी त्यांची गाठ पडते आणि तांबूस गंज होऊन ते भिंतीवर परत बसतात. हे वर्षानुवर्षं चालतं. कुठे पातळ थर बसतो, कुठे आवाळूसारख्या गाठी वाढतात. या गाठींची रचना मोठी गमतीची. बाहेरून काळसर, टणक कवच आणि आत मऊ, ओला लगदा. म्हणजे आपल्या करंजीसारखंच म्हणा ना! बाहेरचं कवच टिकून आहे तोवर आतलं सारण आत राहतं आणि नळाला स्वच्छ पाणी येतं. पाइप आतून निम्मा बुजलेला असला तरी आपल्याला पत्ता नसतो.

हे कवच टिकतं ते बाहेरून वाहणाऱ्या पाण्याच्या जिवावर. पाण्यात प्राणवायू किती, क्लोरिन किती, आम्लता किती, क्षार कुठले आणि किती, या सगळ्याशी त्या गंजानं वर्षानुवर्षं जमवून घेतलेलं असतं. जुन्या जोडप्यासारखं. भांडण नसतं असं नाही, पण एकमेकांची सवय झालेली असते. पाणी बदललं की ही घडी मोडते. क्लोराइड किंवा सल्फेट वाढलं, क्षारता कमी झाली, क्लोरिन उतरलं, की कवच विरघळू लागतं, भेगाळतं आणि आतलं सारण बाहेर येतं. त्यालाच आपण ‘आज पाणी लाल येतंय’ म्हणतो.

इथवर ठीक. लोखंड पोटात गेल्यानं कुणी मरत नाही, कपड्यांवर डाग पडतात इतकंच. पण गंजाला एक खोड आहे. त्याचा पृष्ठभाग अतिशय खरखरीत, सच्छिद्र असतो आणि पाण्यातले इतर धातू तो धरून ठेवतो. शिसं, आर्सेनिक, मँगनीज. पाण्यात अगदी नगण्य प्रमाणात असले तरी दिवसाला थोडं थोडं करत पन्नास वर्षांत बराच संचय होतो. भिशीसारखा! गंजाच्या या गुणाचा चांगला उपयोगही करतात बरं का. नेपाळात आर्सेनिक असलेलं विहिरीचं पाणी गाळायला एक साधं गाळणं निघालं, त्यात चक्क लोखंडी खिळे घालतात. खिळे गंजतात, गंज आर्सेनिक धरून ठेवतो, खाली वाळूतून पाणी गाळून येतं. तोच गंज, तोच गुण. फरक इतकाच की गाळण्यातले खिळे आपण ठरवून टाकतो आणि बदलतो. जमिनीखालच्या पाइपात काय साठलंय ते कुणी मोजलेलं नसतं.

अमेरिकेच्या ओहायो, मिशिगन वगैरे राज्यांत संशोधकांनी पाइपांतले पोपडे खरवडून तपासले, तेव्हा त्यांत आर्सेनिकचे साठे सापडले. नळाच्या पाण्यात आर्सेनिक मर्यादेच्या आत होतं, तिथेसुद्धा. हे धरलेलं आर्सेनिक सुटतं कधी? पाण्याची आम्लता कमी केली की सुटतं. फॉस्फेट घातलं तरी सुटतं, कारण गंजावरच्या त्याच जागांसाठी फॉस्फेट आणि आर्सेनिक यांची चढाओढ असते. आता गंमत बघा, शिसं पाण्यात उतरू नये म्हणून जे औषध घालतात ते नेमकं फॉस्फेटच! एकाला बसवायला जावं तर दुसरा उठतो. एकत्र कुटुंबात वावरलेल्या बायकांना हे वेगळं समजवायला नको.

असो. इतिहासाकडे वळू.

अ‍ॅरिझोनातलं टूसॉन हे वाळवंटातलं शहर. १९९२ पर्यंत हे गाव सर्वस्वी विहिरींवर जगत होतं. भूजल खाली खाली चाललं होतं, म्हणून कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्यानं आणायचं ठरलं. हा कालवा सुमारे ५४० किलोमीटरचा, १९७३ साली काम सुरू झालं. वीस वर्षांची तपश्चर्या. नोव्हेंबर १९९२ मध्ये नदीचं शुद्ध केलेलं पाणी शहराच्या मोठ्या भागात सोडलं. पाणी शुद्ध होतं, तपासणीत सगळ्या कसोट्यांना उतरलेलं होतं. आणि लोकांच्या नळांना पिवळं, तांबडं, तपकिरी पाणी येऊ लागलं. पांढऱ्या कपड्यांवर डाग, गीझर खराब, जुने पाइप फुटलेले. तक्रारींचा पाऊस पडला, नगरपालिकेला भरपाई द्यावी लागली.

झालं होतं काय, तर विहिरीच्या पाण्यात क्षार कमी. नदीच्या पाण्यात त्याच्या दुप्पट-अडीचपट, शिवाय क्लोराइड-सल्फेट जास्त. जुन्या लोखंडी पाइपांतल्या गंजाला विहिरीच्या पाण्याची सवय. नव्या सुनेनं आल्या आल्या सगळी भांडी जागची हलवावीत तसं झालं. आम्लता बदलून पाहिली, फॉस्फेट घालून पाहिलं, पण लोकांचा विश्वास उडाला होता. १९९४ मध्ये ते पाणी बंद करावं लागलं आणि १९९५ च्या नोव्हेंबरात मतदारांनी कायदाच केला की हे पाणी असं थेट आमच्या नळाला द्यायचं नाही. पुढे शहरानं मोठी समंजस वाट काढली. नदीचं पाणी आधी जमिनीत मुरवायचं, तिथल्या भूजलात मिसळू द्यायचं आणि मग उपसून द्यायचं. २००१ पासून असं मिश्रित पाणी देऊ लागले, तेव्हा तो गोंधळ पुन्हा झाला नाही.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की टूसॉनमध्ये पाणी वाईट नव्हतं. पाइपही काही एका रात्रीत खराब झाले नव्हते. दोघांची गाठ घालून देताना पाइपाच्या पोटात काय आहे, याला पुरेसं महत्त्व दिलं गेलं नाही. पाणी तपासलं ते शुद्धीकरण केंद्राच्या दारात. पाइपाच्या दुसऱ्या टोकाला ते काय होऊन पोचेल हा प्रश्न मागे राहिला.

वॉशिंग्टनची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिथे मुख्य प्रश्न लोखंडाचा नसून शिशाच्या पाइपांचा होता. २००० साली तिथे क्लोरिनऐवजी क्लोरामिन वापरायला सुरुवात झाली. हेतू चांगला, क्लोरिनमुळे तयार होणारी घातक द्रव्यं कमी व्हावीत. पण शिशाच्या पाइपांत आतून जो संरक्षक थर बसला होता तो कडक क्लोरिनच्या जिवावर टिकलेला होता. क्लोरिन गेलं, थर विरघळला आणि शिसं पाण्यात आलं. बातमी फुटायला २००४ चा जानेवारी उजाडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फॉस्फेट घालायला सुरुवात झाली.

इतकं झाल्यावर जगानं शहाणं व्हायला हवं होतं. पण दहा वर्षांनी फ्लिंट झालं.

फ्लिंट हे मिशिगनमधलं, एके काळचं मोटारींचं गाव. जनरल मोटर्सचा जन्म १९०८ साली इथेच झाला. पुढे कारखाने गेले, माणसं गेली, साधारण लाखभर वस्ती उरली आणि शहर कर्जात बुडालं. राज्य सरकारनं वर प्रशासक नेमला. १९६७ पासून फ्लिंटला डेट्रॉइटहून ह्यूरॉन सरोवराचं पाणी मिळत होतं आणि त्यात १९९० च्या दशकापासून फॉस्फेट घातलेलं असे. पैसे वाचवायचे म्हणून नवी जलवाहिनी तयार होईपर्यंत गावातल्याच फ्लिंट नदीचं पाणी वापरायचं ठरलं. २५ एप्रिल २०१४ रोजी बटण दाबलं, पुढाऱ्यांनी पेले उंचावून नदीचं पाणी पिऊन दाखवलं.

नदीच्या पाण्यात क्लोराइड सरोवरापेक्षा कितीतरी पट जास्त होतं. गाळ बसवायला आपण तुरटी वापरतो तसं तिथे लोहाचं क्लोराइड वापरलं, त्यानं आणखी भर पडली. आणि फॉस्फेट घातलंच नाही. ते घालायला दिवसाला शंभर-दीडशे डॉलर लागले असते, असा अंदाज पुढे तज्ज्ञांनी सांगितला. माझा भाचा हा आकडा सांगताना जरा थांबला होता.

मग काय काय झालं, ते क्रमानं पाहण्यासारखं आहे, कारण प्रत्येक पायरीला गंज आहे. गंज सुटला तशी पाण्यात लोखंडाची गर्दी झाली. लोखंड क्लोरिन खातं. क्लोरिन संपलं तसे जंतू वाढले, त्याच उन्हाळ्यात पाणी उकळून प्यायच्या सूचना निघाल्या. म्हणून जास्त क्लोरिन घातलं, तर क्लोरिनपासून होणारी घातक द्रव्यं मर्यादेबाहेर गेली. २०१४-१५ मध्ये लीजनेअर नावाच्या न्यूमोनियाची साथ आली, सुमारे नव्वद जणांना झाला, बारा दगावले. या जंतूला क्लोरिन संपलेलं कोमट पाणी फार मानवतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सनं सांगितलं की या पाण्यानं आमच्या इंजिनाचे भाग गंजतात, आणि त्यांनी आपल्या कारखान्यापुरतं सरोवराचं पाणी परत घेतलं. यंत्रांना न चालणारं पाणी माणसांच्या घरी पुढे वर्षभर येत राहिलं. इतिहासाचे पेपर तपासून तपासून माझी भाषा सौम्य झालेली आहे, पण या वाक्यापुढे मला सौम्य शब्द सापडत नाही.

आता ज्या घरामुळे हे सगळं उघडकीला आलं त्या घराविषयी. लीअ‍ॅन वॉल्टर्स या गृहिणीच्या नळाला तांबडं पाणी येई, मुलांच्या अंगावर चट्टे उठत. २०१५ च्या सुरुवातीला तपासणी झाली तर लिटरमागे १०४ मायक्रोग्रॅम शिसं. अमेरिकेत १५ ला धोक्याची घंटा वाजते. पुढच्या तपासण्यांत ३९७, मग ७०७. तुमच्या घरातले पाइपच खराब असतील, असं त्यांना सांगण्यात आलं. पण घरातले पाइप होते प्लास्टिकचे! बाईंनी पर्यावरण खात्यातल्या मिगेल डेल टोरल या अधिकाऱ्याला गाठलं, त्यांनी व्हर्जिनिया टेकच्या मार्क एडवर्ड्‌स यांना. (हे एडवर्ड्‌स वॉशिंग्टनच्या प्रकरणातही होते.) त्यांनी त्या घरचे तीस नमुने तपासले. सगळ्यांत शिसं, आणि एका नमुन्यात १३,२०० मायक्रोग्रॅम! ५,००० च्या वर गेलं की ते घातक कचऱ्यात मोजतात.

इतकं शिसं आलं कुठून? पुढे तो पाइप उकरून काढून तपासला. रस्त्यापासून घरापर्यंतच्या जोडणीत आधी एक तुकडा शिशाचा होता आणि त्याच्या पुढे लोखंडी जीआय पाइप. शिशाच्या तुकड्यातून पूर्वी थोडं थोडं शिसं सुटत असे आणि पुढच्या लोखंडी पाइपातला गंज ते धरून ठेवत असे. असं कित्येक दशकं चाललं होतं. नदीचं पाणी आल्यावर तो गंजच पोपडे होऊन सुटला आणि साठवलेलं शिसं बरोबर घेऊन स्वयंपाकघरात आला. संशोधकांनी पाण्यातल्या आणि पाइपाच्या पोपड्यांतल्या धातूंची प्रमाणं ताडून पाहिली, बोटांच्या ठशासारखी जुळवली. २०१७ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. भाच्यानं मला त्याचा सारांश वाचून दाखवला तेव्हा मी म्हटलं, अरे, हे तर आमचंच काम! बखर आणि कागदपत्रं ताडून पाहावीत तसं.

सप्टेंबर २०१५ मध्ये मोना हॅना-अतिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या रक्ताचे अहवाल मांडले. रक्तात शिसं जास्त असलेल्या मुलांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेलं होतं, म्हणजे दुप्पट. पहिल्यांदा त्यांनाच वेड्यात काढलं गेलं. १६ ऑक्टोबर २०१५ ला फ्लिंट पुन्हा सरोवराच्या पाण्यावर आलं. पण सुटलेला गंज एका दिवसात परत बसत नाही. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारकडून तिथे आणीबाणी जाहीर झाली. मग खटले, ६२ कोटी डॉलरच्या वर भरपाई. शिशाचे सुमारे ११,००० पाइप बदलून संपले असं राज्यानं जाहीर केलं ते २०२५ च्या उन्हाळ्यात. अकरा वर्षं. दुसरीतला मुलगा तोवर शाळा संपवून बाहेर पडला.

आता या खुळाचं कारण. आमच्या सोसायटीची इमारत पस्तीस वर्षांची. नगरपालिकेचं पाणी कमी पडतं म्हणून बोअरवेलचं पाणी सॉफ्टनर लावून सगळ्या नळांना द्यायचं, असा ठराव आला होता. पाण्याची तपासणी झालेली, अहवाल चांगला. पण आमचे उभे पाइप जुने जीआयचे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरचा तुकडा बदलला तेव्हा मी तो हातात घेऊन पाहिला होता. दोन इंचांच्या पाइपात माझी करंगळी जेमतेम जात होती. बाकी सगळ्या गाठी. जीआय पाइपावर जस्ताचा मुलामा असतो आणि पूर्वीच्या जस्तात थोडं शिसं असायचंच. आमच्याकडे फ्लिंट होईल असं मी मुळीच म्हणत नाही, शिशाचे पाइप आमच्याकडे नाहीत. पण सॉफ्टनर कॅल्शियम काढतो, त्या जागी सोडियम देतो आणि क्लोराइड तसंच ठेवतो, हे विकणाऱ्यानं सांगितलेलं नव्हतं.

सभेत मी तीन गोष्टी मागितल्या. पाणी टाकीच्या तोंडाशी न तपासता वरच्या मजल्याच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं तपासायचं, रात्रभर पाइपात थांबलेलं, सकाळचं पहिलं. त्यात लोह आणि शिसं दोन्ही पाहायचं. (आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे.) आणि सगळ्या इमारतीला एकदम न देता आधी एकाच विंगला द्यायचं, तेही मिसळून. सेक्रेटरी म्हणाले, “बाई, तुम्ही अमेरिकेतल्या गोष्टी इथे कशाला आणता?” मी म्हटलं, “गंजाला पासपोर्ट लागत नाही.” तरुण मंडळी हसली, पण त्यांनीच नंतर ठराव दुरुस्त करून घेतला. प्रयोगासाठी बी विंग निवडली. मी बी विंगमध्येच राहते, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

भाच्याला हे कळवलं तर तो म्हणाला, “मावशी, २०२१ च्या नव्या नियमात इकडेही हे आलंय. शिशाच्या पाइपाच्या पुढे जोडलेला जीआय पाइप, मागचा शिशाचा तुकडा काढून टाकला असला तरी, बदलायच्याच यादीत धरतात.”

पहिला नमुना येत्या सोमवारी सकाळी भरायचा आहे. बाटली प्रयोगशाळेनंच दिली आहे, आतून काही लावलेली, धुवायची नाही म्हणून चिठ्ठी चिकटवली आहे. कामवाल्या मावशींनी ती घासून ठेवू नये म्हणून मी ती देवघरात ठेवली आहे. आकडे आले की इथे लिहीन.